पंचाण्णव मैलांचा कागद

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा लहानपणापासूनचा रोग. हाताला काम नसलं की पाय हलतो आणि पाय दाबून धरला की तोंड सुटतं. चव्वेचाळीस साली या तोंडाने एक घोटाळा केला. तो निस्तरायला मला माझ्याच हातांना खोटं पाडावं लागलं. त्याची ही हकीकत आहे.

मी नबीलाल. नगरात माळीवाड्याच्या वेशीबाहेर माझं एका खणाचं दुकान होतं. वडील पीरमहंमद कल्हईवाले. डाख लावायला मी त्यांच्याकडून शिकलो. भांड्यांवरून मी सायकलींवर गेलो आणि सायकलींवरून फटफट्यांवर. लढाई लागल्यावर लष्करी वर्कशॉपात दोन वर्षं फिटरकी केली. तिथं इंजिन आतून पाहायला मिळालं. पुढे एका सार्जंटाला उलट उत्तर दिलं आणि घरी बसलो. माझी बायको मुबारकबी म्हणायची, "हात सोन्याचं हायती तुमचं. तोंडानं मातर घरी बसवलं."

सूर्यभान माझा जुना गिऱ्हाईक. तो गावोगाव फिरून पोरांना देवी टोचायचा. लोक त्याला देवी-डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता, पण कोणी डॉक्टर म्हणून हाक मारली की मुकाट ओ द्यायचा. त्याच्या जोडीचे दोघे लष्करात भरती झाले आणि अर्धा नेवासे तालुका त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडला. चालत किंवा बैलगाडीने तो पुरा होणं शक्य नव्हतं. मग त्याने विलायतेला परत निघालेल्या एका पाद्र्याची जुनी फटफटी विकत घेतली. फटफटी म्हणजे साडेतीन घोड्यांचं थोराड धूड होतं. आवाज भारी आणि पेट्रोलची तहान त्याहून भारी.

आता देवी टोचणं म्हणजे एकदा जाऊन सुई मारून येणं असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. टोचल्यावर आठव्या दिवशी पुन्हा त्याच गावी जायचं, एकेका पोराचा दंड उघडून पाहायचा, फोड धरला असेल तर वहीत लिहायचं, नसेल तर पुन्हा टोचायचं. म्हणजे एका गावाला दोन खेपा. त्यात लस बेळगावहून काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. ओल्या फडक्यात गुंडाळून ती मडक्यात ठेवावी लागे. थंडीत आठवडाभर टिकायची आणि उन्हं तापली की दोन दिवसांत मरायची. त्यामुळे सूर्यभानची सगळी धावाधाव होळीच्या आत.

पेट्रोल तेव्हा कुपनावर होतं. पेट्रोलच्या कचेरीने सूर्यभानला महिन्याचे तीनशे साठ मैल मंजूर केले होते. गाडी गॅलनला साठ मैल जायची, म्हणून सहा गॅलनची कुपनं. पण सगळ्या गावांच्या दोन-दोन खेपा धरल्या तर सव्वापाचशे मैल भरत. त्याने तीन अर्ज केले. लढाईचे दिवस आहेत, असं तिन्ही वेळा उत्तर आलं. मैल कमी पडायचे ते नेहमी शेवटाला, आणि शेवटाला होती प्रवरेच्या पलीकडची सात गावं. दोन वर्षं त्या गावांना सुई लागली नव्हती.

पौषात एके सकाळी तो दुकानात आला. डोक्याचा रुमाल सोडून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "नबीलाल, सहा गॅलनांत सव्वापाचशे मैल बसतील का?"

"बसवू," मी म्हटलं.

विचार न करता म्हटलं. तो गेल्यावर हिशोब केला. साठाच्या जागी जवळजवळ नव्वद मैल काढायचे होते. पण मला अशाच कामाची भूक असते. त्या रात्रीपासून मला झोप धड लागेना आणि त्याचं मला वाईटही वाटेना.

इंजिनात पेट्रोल शिरतं ते पितळेच्या एका बोंडाच्या भोकातून. त्याला जेट म्हणतात. मी दुसरं जेट आणलं, त्याचं भोक डाख भरून बुजवलं आणि शिवणाच्या सुईला धार काढून नवं, बारीक भोक पाडलं. पहिलं इतकं बारीक झालं की इंजिन खोकायला लागलं आणि नळकांडं तापून निळं पडलं. दुसरं मोठं झालं. तिसरं, चौथं, सातवं. प्रत्येक वेळी गाडी रस्त्यावर न्यायची, प्लग काढून त्याचं टोक पाहायचं. काळं असलं तर पेट्रोल जास्त, पांढरं असलं तर इंजिन जळायला लागलं आहे असं समजायचं. मला हवा होता भाजलेल्या विटेचा रंग. शिवाय आरशाच्या काचेवर तेल आणि कुरुंदाची भुकटी टाकून इंजिनाचं डोकं पाच दिवस घासलं, म्हणजे आतला दाब वाढतो. पुढचं दातेरी चक्र एका दात्याने मोठं बसवलं. अकराव्या जेटला विटेचा रंग आला.

सूर्यभानला मागे बसवून मी गाडी राहुरीच्या रस्त्याला नेली. मापून घातलेलं पेट्रोल संपेपर्यंत आम्ही मैलाचे दगड मोजत होतो. गॅलनला पंचाण्णव मैल. त्याने दोनदा हिशोब करून पाहिला आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

"हे तुझ्या-माझ्यात राहू दे," तो म्हणाला. "कचेरीतून सहा गॅलन येतायत ते येऊ दे. ह्या महिन्यात अलीकडची गावं उरकतो, पुढच्यात पलीकडची साती घेतो. मग हव्या त्याला सांग."

"मी कशाला सांगतोय," मी म्हटलं.

चार दिवस नाही सांगितलं. पाचव्या दिवशी छगनशेठ आला.

छगनशेठच्या बारा सर्व्हिस मोटारी नगरातून सुटत. पेट्रोल नाही म्हणून त्या कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला भट्टी, सगळीकडे धूर, आणि चढ आला की उतारू खाली उतरून मोटारीबरोबर चालायचे. शेठ माझ्या दुकानात कसलीशी स्प्रिंग घ्यायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "नगरात मिस्त्री उरलाय कोण? सगळे ठोकाठोकी करणारे."

झालं. माझा पाय हलायला लागला. मी पाय दाबून धरला आणि तोंड सुटलं. पंचाण्णवचा आकडा मी त्याला तीनदा सांगितला.

शेठ हसला. "सांगायला काय, मी दोनशे सांगेन. सरकारी शिक्क्याचा कागद दाखव. कागद असला तर पाडव्यापासून माझं वर्कशॉप तुझं. हेडमिस्त्री."

पगारासाठी मी हुरळलो असं मी म्हणणार नाही. मला नाव हवं होतं. कल्हईवाल्याचा पोरगा म्हणून सार्जंटाने माझा मुद्दा ऐकून घेतला नव्हता, ते माझ्या मनात सलत होतं. पंचाण्णव मैल मी काढले होते, माझ्या हातांनी, आणि ते जगात फक्त एका देवी टोचणाऱ्याला माहीत होतं. हे मला सोसवेना.

वॉल्व्ह साफ करतो असं सांगून मी सूर्यभानकडून दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि थेट पेट्रोलच्या कचेरीत नेऊन उभी केली.

तिथला हेडकारकून वयस्क, किडकिडीत, चष्म्याला दोरा बांधलेला. लोक त्याला घाबरत. पण त्याला मापाची आवड होती हे मला दहा मिनिटांत कळलं. त्याने कपाटातून पाव गॅलनाची काचेची बाटली काढली, फडक्याने पुसली, पेट्रोल रेघेला बरोबर टेकवलं. बाटली हँडलला बांधली, टाकीचा नळ बंद करून तिची नळी कार्ब्युरेटरला जोडली. आणि धोतराचा काचा मारून स्वतः मागे बसला. दौंडच्या रस्त्याला आम्ही बारा मैल गेलो आणि उलटे फिरलो. स्टेशनजवळच्या फाटकाच्या किंचित अलीकडे इंजिनाने शेवटचा आवाज केला. पावणेचोवीस मैल.

"शाबास," तो म्हणाला. कचेरीत येऊन त्याने सुंदर अक्षरात कागद लिहिला, शिक्का मारला. मग विचारलं, "गाडी कोणाच्या नावावर?"

मी नाव सांगितलं. त्याने एक लांबलचक रजिस्टर काढून त्यात काहीतरी उतरवलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. माझं सगळं लक्ष शिक्का वाळण्याकडे होतं.

कागद मी काचेत बसवून दुकानात लावला. छगनशेठने येऊन वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पाडव्याला पाच आठवडे उरले होते. मी दिवसातून चारदा त्याच्या वर्कशॉपावरून जायचो.

पहिल्या तारखेला सूर्यभान आला. हातात कुपनं होती. त्याने भिंतीवरचा कागद उभ्याउभ्या वाचला. मग खाली बसला.

"पावणेचार," तो म्हणाला.

"काय पावणेचार?"

"गॅलन. सहाऐवजी."

मला अजूनही कळलं नव्हतं. त्याने समजावून सांगितलं, जसं गावच्या बाईला आठव्या दिवसाचं समजावतो तसं, सावकाश. कचेरीने मंजूर केले होते ते मैल. पेट्रोल मैलांना भागून मिळतं. गाडी जास्त चालते असं रजिस्टरला चढलं, की तेवढेच मैल आणि पेट्रोल कमी.

मग त्याने खिशातून गावांची यादी काढली. पेन्सिल थुंकीने ओली केली आणि खालची सात नावं एकेक करून खोडली. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी त्याचा जन्मभर उपकार मानला असता. यादीची घडी घालून तो गेला.

मी धावत कचेरी गाठली. हेडकारकुनाने शांतपणे ऐकलं. "नियम आहे मिस्त्री. गाडी कमी पिते, कमी मिळेल. बाकीचं लढाईला जातं. तुम्हीच आणलात ना गाडी?"

"मीच आणली."

"मग? आनंदाची गोष्ट आहे."

त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. पान्हा हातात घ्यायचा, ठेवायचा, दुसरा घ्यायचा. जेवताना अर्ध्यावर उठायचो. ऊन रोज वाढत होतं आणि मी रोज सकाळी दाराबाहेरच्या दगडावर तळवा ठेवून पाहायचो, किती तापला ते. मुबारकबीच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण होते. इतक्या वर्षांत ते मला दिसेनासे झाले होते. आता ती भाकरी वाढायला वाकली की तेच दिसायचे.

शेवटी मी सूर्यभानला म्हटलं, "मला घेऊन चल. गाडी कशी चालते ते पाहतो." खरं म्हणजे मला नुसतं दुकानात बसवत नव्हतं.

नेवाशाला पोचलो तेव्हा दिवस कासराभर वर आला होता. नदीच्या अंगाला एका ओसरीवर सूर्यभान पोरं टोचायचा. तिथं एक बाई आधीच बसलेली होती. वय पन्नाशीचं, पायात काही नाही, पिंढऱ्यांपर्यंत धूळ. एक नातू कडेवर, एक मांडीला चिकटलेला. गोजरबाई तिचं नाव. पलीकडच्या सातांतल्या एका गावची. पहाटे कोंबडं आरवायच्या आत निघून, नदी उतरून ती सहा कोस चालत आली होती.

सूर्यभानने दोन्ही पोरांना टोचलं. धाकटं रडलं, थोरल्याने डोळे मिटून घेतले. तिने पदराने दोघांची नाकं पुसली.

"आठव्या दिशी परत आनते," ती म्हणाली. "ह्या दोगांचं झालं. पन वाडीत आनखी बावीस पोरं हायती. ती काय खांद्यावर घिऊन यिऊ?"

सूर्यभान लसीच्या नळ्या मोजत राहिला.

"शेजारच्या गावात देवी आल्यात, डॉक्टर. अमुशापास्नं दोन लेकरं गेली. तुमी मागल्या साली म्हनला हुता, औंदा येतो. बाया मला इचारत्यात. मी काय सांगू?"

"पेट्रोल नाही, बाई."

"मागल्या सालीबी न्हवतं."

"औंदा होतं," सूर्यभान म्हणाला. बस्स, इतकंच. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मी ओसरीवरून उठलो आणि नदीकडे गेलो. पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडे रस्ता दिसत होता, गाडीवाट, चांगली टणक. फटफटीने तासाभराचं काम. मी तिथं बराच वेळ येरझारा घातल्या. मला माझीच इतकी चीड आली होती की कोणी समोर असतं तर मी मारामारी केली असती.

घरी आल्यावर मुबारकबीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तांदूळ निवडत होती.

"त्यो कागद खोटा हाय असं सांगितलं तर?" ती म्हणाली.

"खरा आहे तो. एक ना एक मैल खरा आहे."

"म्या कुठं खोटा म्हनले? सांगितलं तर, असं म्हनले."

मुबारकबीने जे एका वाक्यात विचारलं, ते नेवाशापासून माझ्याही डोक्यात फिरत होतं आणि मी त्याला आत येऊ देत नव्हतो. कागद रद्द झाला तर हेडमिस्त्रीपण गेलं. नुसतं तेवढंच नाही. नगरात ज्याला ज्याला मी तो कागद दाखवला होता, आणि मी कोणाला दाखवायचा ठेवला नव्हता, त्या प्रत्येकाने मला थापाड्या म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभानची गाडी दुकानात घेतली. अकरावं जेट काढून चिंधीत बांधलं. जुनं जेट बसवलं, डोक्याखाली जाड पॅकिंग घातलं म्हणजे वाढवलेला दाब उतरेल, दातेरी चक्रही पहिलं लावलं. ज्या कामाला महिना लागला होता ते मोडायला दुपारपर्यंतचा वेळ लागला. गाडी सुरू केली आणि तिचा तो जुना, खादाड आवाज ऐकून लगेच बंद केली.

हेडकारकुनाला म्हटलं, "साहेब, माप पुन्हा घ्या. पहिलं चुकलं."

"माझं माप चुकत नाही," तो म्हणाला. तरी बाटली काढली, पुसली, रेघेला टेकवली. दौंडच्या रस्त्याला आम्ही निघालो. मला प्रत्येक मैलाला वाटत होतं की अजून परत फिरावं आणि खरं काय ते सांगून टाकावं. पंधराव्या मैलाला गाडी बंद पडली. भर उन्हात, दोन्ही बाजूंना नुसती कुसळं. तो खाली उतरला. बाटली उजेडात धरून पाहिली.

"साठ," तो म्हणाला. "मग पंचाण्णव कुठून आले?"

या प्रश्नाची मी तयारी केली होती. सगळ्यात सोपं उत्तर होतं की बाटलीत पेट्रोल जास्त पडलं असेल. पण मग चूक त्याची झाली असती. वर कोणीतरी त्याला जाब विचारला असता, आणि ज्या माणसाने माझ्या कामाला सगळ्यांच्या आधी शाबास म्हटलं त्याच्या डोक्यावर मी हे घालणार होतो. ते माझ्याने होईना. गाडीत फेरफार केला असं सांगितलं तर तो म्हणाला असता, पुन्हा पहिल्यासारखा कर. एकच उत्तर उरलं.

"टाकीचा नळ मी थोडा उघडा ठेवला होता," मी म्हटलं. "बाटलीतलं आणि टाकीतलं, दोन्ही जात होतं."

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. फार थकल्यासारखा दिसला.

"मी नळ तपासायला हवा होता," तो म्हणाला. "तुमचा चेहरा पाहून तपासला नाही. मला वाटलं, हा माणूस कामात बुडालेला आहे."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी प्लगकडे वाकलो. ते त्याला शरमेचं वाटलं असावं.

कचेरीत त्याने मजकूर सांगितला आणि मी माझ्या हाताने लिहिला. मी टाकीचा नळ उघडा ठेवून सरकारची फसवणूक केली. माझ्या दुरुस्तीने गाडीच्या पेट्रोलात कसलाही फरक पडत नाही. खाली सही. दुसरी ओळ लिहिताना बोरू दोनदा थांबला. पहिली ओळ गुन्ह्याची होती, ती लिहवली.

"खटला करत नाही," हेडकारकून म्हणाला. "बायकापोरं असतील. पण हा कागद बाहेर फळ्यावर लागेल. तुमच्या शब्दावर इथं यापुढे कुठलीही नोंद व्हायची नाही."

मग त्याने रजिस्टर काढलं, पंचाण्णवावर काट मारून साठ लिहिलं आणि उरलेली सव्वादोन गॅलनची कुपनं सूर्यभानच्या नावाने फाडून दिली. नियमाला तो दोन्हीकडून पक्का होता.

फळ्यावरचा कागद दोन दिवसांत सगळ्या नगराने वाचला. छगनशेठ दुकानाशी आला, पायरी चढला नाही. "बरं झालं, पाडव्याच्या आधी कळलं," एवढंच म्हणाला. भिंतीवरची काच मी आदल्या दिवशीच काढली होती. तिथं चौकोनी डाग राहिला होता, तो मुबारकबीने चुन्याने सारवून टाकला.

सूर्यभानने कुपनं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते त्याने फळ्यावर वाचलं होतं. "मी जाऊन खरं सांगतो," तो म्हणाला. "असलं पेट्रोल मला नको."

"सांग. मग पावणेचार गॅलन घे आणि गोजरबाईला काय सांगायचं ते तूच ठरव," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. त्याने कुपनं खिशात घातली. मी चिंधी सोडली आणि त्याच्यासमोर अकरावं जेट बसवायला घेतलं.

लस आली त्याच दिवशी सकाळी आम्ही निघालो. ऊन तापायच्या आत मडकं पलीकडे न्यायचं होतं. मी गाडी चालवत होतो, सूर्यभान मागे मडकं पोटाशी धरून. इमामपूरचा घाट उतरलो आणि नेवाशाचा रस्ता लागला. गाडी अशी चालली होती की मला वाटे, हिला ऐकायला कोणीतरी जाणकार आत्ता रस्त्यात भेटावा. कोणी भेटलं नाही. गाडी ढकलत नदी पार केली आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत गोजरबाईच्या वाडीत पोचलो.

पोरं देवळापुढे उभी होती. बावीस नव्हती, तीस-बत्तीस तरी असतील. शेजारच्या वस्तीवरचीही आली होती. बायका पोरांचे दंड धुऊन पुसत होत्या. गावचा पाटील खाटेवर बसला होता. तो आठवड्यापूर्वीच कुपनासाठी नगरला जाऊन आला होता. तेव्हा कोणीतरी त्याला माझं दुकान दाखवलं असावं, त्याने मला ओळखलं.

"डॉक्टर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो त्योच न्हवं, नळ उगडा ठिवनारा? फळ्यावर लावलंय ह्याचं नाव. आसल्या मानसाच्या हातात गाडी देता व्हय?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सूर्यभानच्या हातात सुई होती. ती तशीच धरून तो वळला. तो आता बोलणार हे मला त्याच्या मानेवरून कळलं. पाटील नगरला जाणारा-येणारा माणूस, कचेरीत उठबस असलेला; इथं खरं बोललं की ते तिथं पोचणार. आणखी सहा गावं व्हायची होती आणि आठव्या दिवसाची प्रत्येक खेप व्हायची होती. मी नको म्हणून मान हलवली. तो थांबला.

गोजरबाई ओळ लावत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग ह्यो हितं कशापायी आलाय?" तिने विचारलं.

जन्मात पहिल्यांदा मी बोलण्याआधी थांबलो. "गाडी बंद पडली तर ढकलायला," मी म्हटलं.

"मंग बाजूला हो," ती म्हणाली. "पोरं उन्हात हुबी हायती आन् तू मदीच हुबा."

मी बाजूला झालो. सूर्यभानने पहिल्या पोराचा दंड हातात घेतला.